‘नाहीं’चे ‘ना’ : साठवलेल्या आज्ञा आणि संपादकाची जबाबदारी

“मजकूर वाचायचा असतो, चालवायचा नसतो,” असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आम्हांला भर चर्चासत्रात सुनावले. विषय पाठसंपादनाचा होता. जुने गद्य संगणकावर संपादित करताना टेक्स्ट एडिटरमध्ये साठवलेल्या आज्ञा कशा वापरल्या, एवढेच आमच्या पंधरा मिनिटांच्या निबंधात होते. त्यांच्या वाक्याला सभागृह हसले, अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, आणि चहा आला. तेव्हा द्यायचे राहिलेले उत्तर येथे देत आहोत. वाक्य चटकदार आहे आणि आमच्या मते साफ चुकीचे आहे. शिवाय आपल्या मराठी विभागांत मुरलेल्या एका आळसाला ते तत्त्वज्ञानाचा मुलामा देते, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

आधी ही वस्तू काय आहे ते सांगतो. ब्राम मोलेनार यांचा व्हिम हा एडिटर १९९१ साली बाहेर पडला. बिल जॉय यांनी १९७० च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या व्हीआय या एडिटरचा तो वारस. या घराण्याची रीत अशी, की त्यात लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगळी असते. आज्ञेच्या अवस्थेत कळफलकावरचे प्रत्येक अक्षर क्रियापद होते. ‘डी’ दोनदा दाबला की ओळ जाते. ‘डी’नंतर ‘डब्ल्यू’ दाबले की शब्द जातो. ‘यू’ दाबले की झाले ते मागे फिरते. अशा क्रियांची मालिका पुन्हापुन्हा करायची असेल तर ‘क्यू’ दाबून एका कप्प्याचे नाव सांगायचे, मालिका एकदा हाताने करून दाखवायची आणि पुन्हा ‘क्यू’ दाबायचा. कप्प्यांना रजिस्टर म्हणतात. इंग्रजी वर्णमालेच्या अक्षरांची नावे असलेले असे २६ कप्पे आहेत. पुढे @ या चिन्हानंतर कप्प्याचे नाव दाबले की साठवलेली मालिका घडते. आधी १०० हा आकडा दाबला तर शंभर वेळा घडते. मालिकेच्या शेवटी तिचेच नाव घालून ठेवले तर ती स्वतःला हाक मारत राहते आणि एखादा शोध फसला की थांबते.

येथवर सगळे यांत्रिक वाटेल. मौज पुढेच आहे. या आज्ञा ज्या कप्प्यात राहतात त्याच कप्प्यात आपण कापलेला किंवा उचललेला मजकूरही राहतो. आज्ञांसाठी वेगळी तिजोरी नाही. ‘ए’ या कप्प्यात एखाद्या निबंधाचा परिच्छेद असू शकतो किंवा परिच्छेद दुरुस्त करणारी आज्ञा असू शकते. कप्प्याला दोन्ही सारखेच. त्यामुळे साठवलेली आज्ञा पानावर चिकटवता येते, वाचता येते, तिच्यातले एक अक्षर बदलता येते आणि ती ओळ पुन्हा उचलून कप्प्यात ठेवून चालवता येते. मूळ व्हीआयमध्ये तर करून दाखवून नोंदवण्याची सोयच नव्हती. आज्ञा आधी पानावर, मजकुराच्या शेजारी, मजकूर म्हणूनच लिहावी लागे. मग ती उचलून कप्प्यात ठेवायची आणि कप्पा चालवायचा. त्या काळच्या दस्तऐवजांत या कप्प्यांना बफर म्हणत आणि या क्रियेला बफर चालवणे.

ही कल्पना व्हीआयच्याही आधीची. १९६० च्या दशकाच्या आरंभी डॅन मर्फी यांनी एमआयटीतल्या पीडीपी-१ या संगणकासाठी टेको नावाचा एडिटर लिहिला. त्याच्याही रजिस्टरांत मजकूर ठेवता येई आणि तो आज्ञा म्हणून चालवता येई. टेकोच्या आज्ञा इतक्या त्रोटक असत, की आपले स्वतःचे नाव आज्ञा म्हणून टाइप करावे आणि त्याने फाइलचे काय होते ते ओळखावे, असा एक खेळच त्या मंडळींत रूढ होता. या टेकोवर रचलेल्या आज्ञांच्या संग्रहातून १९७६ साली ईमॅक्स जन्माला आला. त्याच्या नावातला ‘मॅक’ हा मॅक्रोमधला. म्हणजे जगातल्या दोन नामांकित एडिटरांपैकी एक मुळात लिहून ठेवलेल्या आज्ञांचे संकलन होता. संकलन, संपादन, आवृत्ती हे शब्द आमच्या खात्याचे आहेत. ते आम्हांला येथे सहज वापरता येतात, याचा ज्येष्ठांनी क्षणभर विचार करावा.

आता त्यांच्या वाक्याकडे. मजकूर चालवायचा नसतो, असे मराठी विभागातल्या माणसाने म्हणावे हे नवल आहे. गेली पंचवीस-तीस वर्षे आपण एम.ए.च्या वर्गात ऑस्टिन शिकवतो. त्याची १९५५ सालची हार्वर्डमधील व्याख्याने १९६२ साली पुस्तकरूपाने आली, आणि उच्चार ही कृती असते, हे वाक्य आपल्या प्रश्नपत्रिकांत जाऊन बसले. त्याहून जुनी सामग्री तर घरचीच आहे. मीमांसकांनी वेदवाक्यांची विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद अशी वाटणी केली. करायला सांगणारे वाक्य कोणते आणि त्याची केवळ भलावण करणारे कोणते, यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खल केला. एवढे भांडवल पाठीशी असताना, पडद्यावर एखादा मजकूर खरोखरच काही करू लागला की आपण संगणक प्रयोगशाळेतल्या सहायकाला बोलावतो.

आणि येथे जे घडते ते मीमांसकांनाही रस वाटावा असे आहे. त्यांच्याकडे विधी ओळखला जातो तो क्रियापदाच्या रूपावरून. वाक्यातच आज्ञार्थ असतो. व्हिमच्या कप्प्यातल्या ओळीत असा आज्ञार्थ कुठेच नाही. चिकटवली तर ती निरुपद्रवी अक्षरे आहेत. हाक मारली तर तीच अक्षरे हजार ओळी बदलतात. चिकटवलेली आज्ञा ही रंगमंचावरच्या लग्नासारखी. ऑस्टिनने अशा उच्चारांना पोकळ ठरवून बाजूला ठेवले होते आणि देरिदाने त्यावरून त्याला धारेवर धरले. तो वाद ज्यांना केवळ नोट्समधून माहीत आहे त्यांनी एक दुपार व्हिमसमोर काढावी.

आज्ञेला आपण लिखाण मानत नाही, याचे एक कारण आम्हांला लिपीत दिसते. इंग्रजीत लिहिणाऱ्याचा मजकूर आणि त्याच्या आज्ञा एकाच अक्षरांच्या असतात. अवस्था बदलायला विसरून त्याने एक शब्द टाइप केला तर तो शब्दच आज्ञा होऊन फाइलभर धिंगाणा घालतो. मजकूर कधीही कृती होऊ शकतो, हे त्याला पहिल्याच दिवशी कळते. आमचे पान देवनागरीत असते आणि आज्ञा रोमन अक्षरांत. वेगळी योजना करून ठेवली नसेल तर देवनागरी अक्षर आज्ञेच्या अवस्थेत काहीच करत नाही. त्यामुळे मराठी पानावर चिकटवलेली आज्ञा परक्या पाहुण्यासारखी उठून दिसते आणि आपण तिला यंत्राचा कचरा समजून पुसून टाकतो. या पुसण्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ती आमच्याच एका फजितीतून सुरू झाली, म्हणून ती फजितीही सांगतो.

१८९० च्या दशकातले काही निबंध विद्यार्थ्यांनी टंकित करून दिले होते. पाठ्यपुस्तकासाठी ते आजच्या लेखननियमांनुसार करायचे होते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, हे वाचकांना ठाऊक आहेच. व्युत्पत्तीचा आधार असलेले आणि नसलेले, असे दोन्ही प्रकारचे अनुच्चारित अनुस्वार त्या नियमांनी काढले. तेव्हा आम्ही एक मालिका नोंदवली : शब्दाच्या अखेरीस अनुस्वार असलेले पुढचे अक्षर शोधायचे, अनुस्वार पुसायचा. पुसण्याची आज्ञा ‘एक्स’ हे एक अक्षर. आमच्यापैकी एकाच्या घरच्या संगणकावर ती दहा-वीस वेळा चालवून पाहिली. ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले, ‘घरीं’चे ‘घरी’ झाले. समाधान झाले. तीच ओळ दुसऱ्या दिवशी महाविद्यालयातल्या संगणकावर नेली आणि हजार वेळा चालवली.

‘नाहीं’चे ‘ना’ झाले. ‘केलें’चे ‘के’. ‘असें’चा ‘अ’. ‘तें’ तर संपूर्ण नाहीसे होऊन त्याच्या जागी दोन शब्दांमधली मोकळी जागा तेवढी रुंदावली. ‘कांहीं’ची दोन टप्प्यांत हत्या झाली : पहिल्या फेरीत ‘हीं’ गेले, ‘कां’ उरले, आता अखेरीस अनुस्वार त्याच्यावर आला, म्हणून पुढच्या फेरीत तेही गेले. फाइल जतन करून बंदही झाली होती, त्यामुळे ‘यू’चा उपयोग नव्हता. विद्यार्थ्यांची मूळ प्रत शिल्लक होती म्हणून निभावले.

आमच्या तंत्रकुशल मित्राचा सल्ला होता, की नवी मालिका नोंदवा आणि मोकळे व्हा. आम्ही तो ऐकला नाही. कप्प्यातली ओळ पानावर चिकटवली आणि दोघांनी, हस्तलिखितातली ओळ वाचावी तशी, अक्षर-अक्षर वाचली. ओळ निर्दोष होती. घरी चाललेली आणि महाविद्यालयात चाललेली ओळ एकच होती. दोष ओळीच्या बाहेर निघाला. व्हिममध्ये ‘डेलकम्बाइन’ नावाचे एक मानक आहे. ते चालू असेल तर ‘एक्स’ अक्षराला चिकटलेले शेवटचे चिन्ह तेवढे पुसतो. बंद असेल, आणि मुळात ते बंदच असते, तर वेलांटी-अनुस्वारासह अख्खे अक्षर पुसतो. घरच्या संगणकावर ते कधीकाळी चालू केले होते आणि विसरले होते. आज्ञा बरोबर होती, प्रसंग चुकीचा होता. ऑस्टिन शिकवताना आम्ही फळ्यावर लिहितो नेमके ते.

ही चूक मोठ्याने ओरडणारी होती, म्हणून पकडली गेली. मानक चालू केले, मालिका पुन्हा चालवली, आणि आता पान अगदी स्वच्छ दिसू लागले. खरी भीती येथून सुरू होते. जुन्या लेखनात ‘तें आलें’ म्हणजे ते पोर, ते वासरू, ते पत्र आले. ‘ते आले’ म्हणजे ते पुरुष आले, किंवा ते थोर गृहस्थ आले. ‘तीं गेलीं’ म्हणजे ती मुले गेली, आणि ‘ती गेली’ म्हणजे ती बाई गेली. आमच्या स्वच्छ पानावर हे भेद उरले नव्हते. बहुतेक ठिकाणी संदर्भाने अर्थ लागतो, हे मान्य. एका निबंधात मात्र ‘ते’ कोणाला उद्देशून आहे, हे मूळ प्रत उघडल्याशिवाय आम्हांला सांगता येईना. पुढे पाहिले तर संस्कृत अवतरणांतले ‘सत्यं’चे ‘सत्य’ झाले होते आणि मराठीतही ‘एवं’चा ‘एव’. हे कोणालाही छापील प्रतीत सहज खपले असते.

आणखी एक पेच निघाला. त्याच लेखननियमांत अशी तरतूद आहे, की केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतले उतारे मुळाप्रमाणे छापावेत. त्यानंतरचे लेखन नव्या नियमांनी छापावे. आमचे निबंध चिपळूणकरांनंतरचे, म्हणून त्यांना नवे नियम लागू. परंतु निबंधकार मधेच त्याच्या आधीच्या पिढीच्या गद्यातला उतारा देतो. तो उतारा मुळाप्रमाणेच राहायला हवा होता. साठवलेल्या आज्ञेला चिपळूणकर माहीत नसतात. तिने निबंध आणि उतारा एकाच हाताने साफ केले. नियम ठाऊक असलेल्या आम्हांलाही ते दोन आठवड्यांनी लक्षात आले, आणि तेही एवढ्यामुळे, की कोणती आज्ञा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत फिरली आहे याची नोंद समोर होती.

नोंद नसती तर? मराठीत आज जालावर आणि पुस्तकांत जुन्या गद्याच्या ज्या ‘शुद्ध केलेल्या’ प्रती फिरतात, त्यांतल्या किती प्रतींपाशी अशी नोंद आहे? ‘सुलभ वाचनासाठी लेखनात किरकोळ बदल केले आहेत’ एवढे एक वाक्य प्रस्तावनेत टाकले की संपादकाची सुटका होते. किरकोळ म्हणजे काय, किती, कुठे, कोणत्या क्रमाने? क्रमाचा प्रश्न गौण नाही. ‘कांहीं’चे काय झाले ते वर सांगितलेच आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे, की ज्या आज्ञेने पाठ बदलला ती आज्ञा पाठाचा भाग आहे. ती पाठासोबत ठेवली पाहिजे, कोणत्या मानकांखाली चालली ते सांगितले पाहिजे, आणि साहित्याच्या माणसाला ती वाचता आली पाहिजे.

हे आम्ही नवे काही मागत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले आणि १९६६ साली पुरे केले. १९२५ पासून त्या कामाची धुरा वाहणाऱ्या वि. स. सुखठणकरांच्या निवडीशी ज्यांचे मतभेद होते त्यांनाही भांडता आले, ते पानाच्या तळाशी पाठभेद छापले होते म्हणून. संपादकाने काय नाकारले ते वाचकाच्या हाती होते. उलट एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांनी काय काय दूर केले याची यादी आपल्यापाशी नाही, आणि त्या पोकळीत विद्वानांच्या कित्येक पिढ्या खपल्या. एकनाथांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाही. त्यांच्यापाशी कप्पे नव्हते. आमच्यापाशी २६ आहेत. त्यांतला ‘ए’ आम्ही सकाळी भरतो आणि संध्याकाळी दुसऱ्या कामासाठी त्यावरच नवे नोंदवून जुने घालवतो.

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला असा, की हे तंत्रज्ञांचे काम आहे. तंत्रज्ञाला ‘तें’ आणि ‘ते’ यांतला फरक कोण सांगणार? दुसरा आक्षेप हाताने काम करणाऱ्यांचा : सरसकट आज्ञा चालवूच नये, एकेक शब्द डोळ्यांनी पाहून बदलावा. या मताबद्दल आम्हांला आदर आहे, आणि अवतरणांपुरते ते बरोबरही आहे. पण हाताने केलेल्या हजार बदलांची नोंद कोण ठेवतो? तिसऱ्या निबंधात एक धोरण आणि अकराव्यात थकव्यामुळे दुसरे, हे हातकामात नेहमी घडते आणि कोणाला कळतही नाही. साठवलेली आज्ञा चुकते तेव्हा सर्वत्र सारखीच चुकते, त्यामुळे तिची चूक शोधता येते.

तिसरा आक्षेप वजनदार आहे : चालणारा मजकूर धोकादायक असतो. खरे आहे. वर्डच्या दस्तऐवजांत दडलेल्या मॅक्रोंनी १९९५ साली ‘कन्सेप्ट’ आणि १९९९ साली ‘मेलिसा’ हे विषाणू जगभर पसरवले. खुद्द व्हिममध्ये, फाइलच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या ओळींत एडिटरसाठी सूचना लिहून ठेवण्याची सोय आहे; त्या सोयीतली फट २०१९ साली उघडकीस आली, आणि नुसती फाइल उघडल्याने भलत्या आज्ञा चालू शकतात असे दिसले. दुरुस्ती झाली. पण या उदाहरणांतून निघते काय? वाचण्यासाठी म्हणून उघडलेला मजकूर वाचणाऱ्याच्या नकळत चालला. मजकूर चालतो हे मान्य न करणाऱ्यावरच असा प्रसंग अधिक येतो. आमच्या ज्येष्ठांच्या वाक्यावर विसंबणाऱ्याने कोणतीही फाइल निर्धास्त उघडावी.

विद्यार्थ्यांची गोष्ट आणखी पुढे गेली आहे. जुना उतारा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एखाद्या सेवेला द्यायचा, ‘शुद्ध करून दे’ म्हणायचे आणि आलेला मजकूर वहीत चिकटवायचा. ते काम पुष्कळदा चांगले होते, हेही कबूल करतो. पण तेथे कप्पाच नाही. काय केले ते विचारले तर एक सुबक परिच्छेद मिळतो. तो परिच्छेद म्हणजे केलेल्या कामाचे वर्णन, प्रत्यक्ष चाललेली आज्ञा नव्हे. मीमांसकांच्या भाषेत, विधी हरवला आणि अर्थवाद हाती आला. व्हिमच्या कप्प्यातली ती ओबडधोबड, एस्केपच्या कळीची दोन विचित्र चिन्हे मिरवणारी ओळ आम्हांला या सुबक परिच्छेदाहून अधिक प्रामाणिक वाटते. ती जे करते तेच ती आहे.

आमच्या विभागाच्या अभ्यासक्रमात ‘संगणक आणि मराठी’ या नावाखाली टंकन, फॉन्ट आणि मजकूर ठळक कसा करावा एवढेच आहे. पाठचिकित्सेच्या पत्रिकेत संगणकाचा उल्लेख नाही. दोन्ही पत्रिका एकाच मजल्यावर शिकवल्या जातात. अभ्यास मंडळापुढे आम्ही एक साधी दुरुस्ती सुचवली होती : पाठचिकित्सेच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याने दहा पाने संपादित करावीत आणि वापरलेल्या प्रत्येक आज्ञेची ओळ, तिच्या खाली एका वाक्यात तिचे कारण, अशी जोडणी द्यावी. ‘हे मराठीचे काम आहे का?’ या शेऱ्यासह ती परत आली.

निबंधांच्या फाइलच्या तळाशी आता सात आज्ञा आहेत. प्रत्येकीपुढे तारीख, चालू असलेली मानके आणि ती कोणत्या ओळीपासून कोणत्या ओळीपर्यंत फिरली ते लिहिले आहे. नवव्या निबंधातल्या एका लांब उताऱ्याचा मूळ लेखक आम्हांला अजून सापडलेला नाही. तो चिपळूणकरांच्या आधीचा की नंतरचा हे ठरत नाही, म्हणून त्याचे सगळे अनुस्वार जागच्या जागी आहेत आणि तिसऱ्या आज्ञेपुढे ‘ओळ ४१२ ते ४३० येथे चालवलेली नाही’ अशी नोंद आहे.